अंगणातली आजीची खोली

आमच्या गटानं सामुदायिक रेडिओवर केलेल्या भाषणाचा मजकूर

मैत्रिणींनो, आज आम्ही एका खोलीबद्दल बोलणार आहोत. घरातल्या म्हाताऱ्या बाईसाठी, म्हणजे आईसाठी, सासूसाठी, एकट्या राहिलेल्या आत्यासाठी, अंगणात नाहीतर परसात वेगळी खोली बांधायची, असं आता गावोगाव चाललं आहे. छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडं जा, फुलंब्रीकडं जा, गंगापूरकडं जा, जुन्या घराला लागून दहा बाय दहाची नवी खोली दिसतेच. पोरगा वाळूजला नाहीतर चिकलठाण्याला कंपनीत लागतो, सून येते, लेकरं होतात, दोन खोल्यांचं घर पुरेना होतं. मग कुणीतरी म्हणतं, म्हातारीला एक खोली काढून देऊ.

आम्ही गटाच्या बायका अशा बऱ्याच खोल्या आतून बघून आलो आहोत. एका घरी खोली झाली आणि आजी खुलली. तिची पेटी, तिचे देव, तिच्या शेजारणी, सगळं तिच्या हाताशी आलं. दुसऱ्या घरी तेवढीच खोली, तेवढाच खर्च, पण सहा महिन्यांत तिथं खताच्या गोण्या येऊन पडल्या आणि आजीची बाज गोण्यांच्या मधोमध. सिमेंट दोन्हीकडं सारखंच होतं. मग फरक कशानं पडला? आमचं मत असं झालं आहे की तीन गोष्टींनी पडला: खोलीचं दार कुठं उघडतं, संडास किती पावलांवर आहे, आणि घराच्या कागदावर कुणाचं नाव आहे.

पूर्वीची म्हातारी माणसं कुठं राहायची ते आठवा. आपल्या मराठवाड्यातल्या वाड्यांना दारातच ढाळज असायची. म्हातारा गडी तिथं बसायचा, येणाऱ्याजाणाऱ्याला हटकायचा. म्हातारी मात्र आत, माजघरात, उतरंडीजवळ. तिची अशी वेगळी जागा नव्हती. पण दळण आलं, पाहुणा आला, लेकरू रडलं, सगळं तिच्यासमोरून जायचं. आता तिला स्वतःची जागा मिळते, पण ती घराच्या पाठीमागं, म्हशीच्या गोठ्याशेजारी. आमचं म्हणणं, तिला जागाही मिळावी आणि घराच्या मधलं असणंही जाऊ नये. छोट्या जागेतही हे जमतं, फक्त गवंड्याच्या आधी आपण विचार करावा लागतो.

परदेशातही हा प्रकार आहे. ऑस्ट्रेलियात त्याला ग्रॅनी फ्लॅट म्हणतात, म्हणजे आजीचं घर. तिथल्या न्यू साउथ वेल्स राज्यात घरामागं असं ६० चौरस मीटरचं छोटं घर बांधता येतं आणि ठरलेल्या नियमांत बसवून झटपट मंजुरी हवी असेल तर मूळ जागा निदान ४५० चौरस मीटर लागते. आपल्या हिशेबानं ६० चौरस मीटर म्हणजे सुमारे ६४५ चौरस फूट. आता बघा, शहराच्या कडेला आपण जो २० बाय ३० चा प्लॉट घेतो तो होतो ६०० चौरस फूट. म्हणजे त्यांच्या आजीच्या खोलीत आपला अख्खा प्लॉट मावतो! हसण्यावारी जाऊ द्या, पण तिथली एक गोष्ट घेण्यासारखी आहे. ती पुढं कागदांच्या बोलण्यात सांगतो.

आता जागा. समजा घराच्या बाजूला १२ बाय १६ फूट मोकळी जागा आहे. तेवढ्यात आतून १० बाय १० ची खोली आणि तिला लागून ४ बाय ६ ची न्हाणी आणि संडास बसतो. बाहेरच्या भिंती ९ इंची, मधली ४ इंची धरून हा हिशेब आहे. त्यापेक्षा लहान करू नका. बाज, पेटी आणि एक खुर्ची ठेवून हातात काठी घेऊन वळायला जागा राहिली पाहिजे.

दार अंगणाकडं किंवा गल्लीकडं ठेवा. परसाकडं तोंड करून बसलेल्या म्हातारीशी दिवसभर कुणी बोलत नाही, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. एक खिडकी घराच्या स्वयंपाकघराकडं उघडती ठेवा. तिनं हाक मारली तर सुनेला ऐकू जाईल, सुनेनं मारली तर तिला. वास्तुशास्त्रावरून घरोघर वाद होतात. म्हाताऱ्यांना नैऋत्येलाच ठेवा असं कुणी सांगतं. ज्याला पाळायचं त्यानं पाळावं. आमचा अनुभव, २० बाय ३० मध्ये दिशा शेवटी गटार ठरवते.

चुलीबद्दल बोललंच पाहिजे. आपल्याकडं चूल वेगळी झाली म्हणजे घर फुटलं असं धरतात. त्यामुळं आजीच्या खोलीत ओटा काढायचा म्हटलं की घरात कुजबुज सुरू होते. एका सासूबाईंनी आम्हाला छान सांगितलं, "मला भाकरी सुनेच्या हातचीच पाहिजे, पण पहाटेच्या चहासाठी कुणाला उठवायचं नाही." तेवढ्यासाठी दोन फुटांचा ओटा, एक बटणाची शेगडी, एक नळ पुरतो. ओटा काढण्याआधी सासू, सून आणि मुलगा तिघांनी बसून ठरवा की दोन वेळचं जेवण कुठं होणार. हे न ठरवता ओटा बांधला तर भांडण ओट्यावरच शिजतं.

बांधकामाकडं येऊ. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. खोली लहान आहे म्हणून दोन फुटांवर पाया भरला की दुसऱ्या वर्षी भिंतीला तिरपी चीर जाते. मुरूम लागेपर्यंत खणावं, गवंडी कंटाळला तरी. आणि नवी खोली जुन्या भिंतीला चिकटवण्याची घाई करू नका. दगड-मातीची जुनी भिंत आणि वर माळवद असेल तर नव्या खोलीचे लाकूड, सळई, पत्रा काही म्हणजे काही त्या भिंतीवर टेकवायचं नाही. नव्या खोलीला तिच्या स्वतःच्या चार भिंती पाहिजेत. मधल्या फटीत पाणी जाऊ नये म्हणून वरून पत्र्याची पन्हाळ काढा.

हे इतकं ठासून सांगतो त्याला कारण किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचं धाराशिव, या जिल्ह्यांत भूकंप झाला आणि हजारो माणसं झोपेत गेली. गोट्यांसारख्या दगडांच्या जाड भिंती, जोडायला नुसता चिखल, वर मातीचं जड माळवद. भिंती फाटल्या आणि माळवद अंगावर आलं. त्यानंतर पुनर्वसनाची घरं जमिनीच्या हिशेबानं २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची दिली गेली. ज्या गावांत घरं पडली नव्हती पण कमजोर झाली होती, तिथं दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचा कार्यक्रम चालला. त्यात गावोगावच्या बायका संवाद सहायक झाल्या. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं त्यांना उभं केलं. शाळेची पायरी जेमतेम चढलेल्या बायका गवंड्याला विचारू लागल्या, कोपऱ्यात सळई कुठं आहे, दारावरचा पट्टा भिंतभर का नाही फिरवला. एक हजारावर गावांत हे झालं. त्या बायकांनी जे विचारलं तेच आपण आपल्या गवंड्याला विचारायचं. जोत्यावर एक आणि दार-खिडकीच्या वर एक, असा सिमेंट-सळईचा पट्टा चारही भिंतींवरून अखंड फिरला पाहिजे. कोपऱ्यात तो तुटला तर त्याचा उपयोग नाही.

विटांचा अंदाज पाहिजे असेल तर १० बाय १० च्या खोलीला, १० फूट उंच ९ इंची भिंतीला, दार-खिडक्या वजा जाता साडेतीन हजारांच्या आसपास गावठी विटा लागतात. वीट लहानमोठी असते, त्यामुळं गाडी मागवण्याआधी एक वीट घरी आणून मोजा. खडी, मुरूम, वाळू ब्रासवर येते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. गाडी रिकामी करण्याआधी टेप लावून लांबी, रुंदी, उंची मोजायला लाजू नका.

छपराला बहुतेक जण पत्रा टाकतात, कारण स्लॅब परवडत नाही. आपल्याकडं मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि पत्र्याखालची दुपार म्हणजे भट्टी. म्हाताऱ्या माणसाला ऊन लागून जीव जायची भीती असते, ही साधी गोष्ट नाही. पत्रा टाकायचाच असेल तर पत्र्याला वरून पांढरा चुना द्या, खाली तट्ट्याचं नाहीतर बांबूचं छत करा, आणि छत व पत्रा यांच्यामधली गरम हवा जायला समोरासमोर झरोके ठेवा. भिंत १० फुटांपेक्षा बुटकी नको. पत्र्यावर दगड ठेवायची आपली सवय सोडा. वावटळीत तेच दगड अंगणात येतात. पत्रा हुकाच्या बोल्टनं अँगलला आवळून घ्यायचा.

आता संडास. इथं आम्ही जरा जास्त वेळ घेणार आहोत, कारण म्हातारी बाई पडते ती बहुतेक वेळा इथंच, आणि रात्री. "संडास घराच्या आत कसा?" असं अजून विचारतात. ज्या बाईला रात्री दोनदा उठावं लागतं तिला विचारा. ती संध्याकाळनंतर पाणी पिणंच सोडते. मग लघवीची जळजळ सुरू होते, आणि तरी कुणाला बोलत नाही. तिचा संडास तिच्या खोलीतूनच उघडला पाहिजे, बाजेपासून आठ-दहा पावलांत.

संडासचं दार बाहेरच्या बाजूला उघडणारं करा. आत उघडणारं दार असेल आणि बाई चक्कर येऊन दारामागं पडली तर बाहेरून दार ढकलता येत नाही. कडी अशी बसवा की गरज पडली तर बाहेरूनही काढता येईल. गुडघे दुखत असतील तर कमोडच बरा, बसायची उंची साधारण दीड फूट. कमोडचा खर्च झेपत नसेल तर मध्ये भोक असलेली संडासची खुर्ची बाजारात मिळते, ती देशी भांड्यावर ठेवता येते. बाजूच्या भिंतीला, जमिनीपासून अडीच-तीन फुटांवर, हाताला धरायला लोखंडी पाइप पक्का बसवा. प्लास्टिकचा नको. फरशी खरबरीत घ्या. चकचकीत फरशी पाहुण्यांना छान दिसते आणि आजीचं खुब्याचं हाड मोडते. दिव्याचं बटण बाजेवर बसून हाताला येईल असं.

मैला मुरवायला दोन खड्ड्यांचा संडास आपल्या जागेला चांगला. एक खड्डा भरला की दुसरा सुरू करायचा, पहिल्यातल्याचं वर्षा-दीड वर्षात खत होतं. खड्डा विहिरीपासून, बोअरपासून निदान ३० फूट लांब ठेवा. स्वच्छ भारत मिशनमधून पात्र कुटुंबाला शौचालयाला १२ हजार रुपये मिळतात, पण घरात आधीच संडास दाखवलेला असेल तर दुसऱ्यासाठी मिळेल असं धरून चालू नका. ग्रामसेवकाला आधी विचारा.

पायऱ्यांचं एक. जोतं एक फूट उंच केलं तर नियमाच्या उतारासाठी १२ फूट लांबी लागते, तेवढं अंगण कुणाकडं आहे? त्यापेक्षा सहा-सहा इंचांच्या दोन रुंद पायऱ्या करा आणि बाजूला धरायला पाइप द्या. आणि उंबरा? उंबऱ्याची पूजा करणाऱ्या आपण बायका. पण पाय घासत चालणाऱ्या माणसाला उंबरा म्हणजे अडसर. एका घरी त्यांनी पितळेची पट्टी फरशीच्या सपाटीला बसवली आणि तिलाच हळदकुंकू वाहतात. आम्हाला ते फार आवडलं.

आता कागद. खरं तर पाया खणायच्या आधी बोलायचं ते हे.

खोली बांधताना पैसा कुठून येतो? पुष्कळदा आजीच्याच गळ्यातून. तिच्या पाटल्या, तिची पोत, नवऱ्यामागं तिच्या नावावर आलेलं वावर. आणि पोरगा म्हणतो, "आई, घर माझ्या नावावर करून दे, म्हणजे कर्ज मिळेल." आई सही करते, नाहीतर अंगठा देते. पोरगा वाईटच असतो असं नाही. पण पोरगा अपघातात गेला, कर्जात बुडाला, तर ती कुणाच्या घरात राहते?

आधी बघा की घर आज कुणाच्या नावावर आहे. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा घरपट्टीच्या आकारणीचा उतारा आहे, तो मालकीचा पक्का पुरावा नाही. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणाची मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळतात. तुमच्या गावची झाली असेल तर त्यावरचं नाव वाचा. नवरा गेला म्हणजे घर मुलाचं झालं, असं आपण उगाच धरतो. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणं नवऱ्यानं मृत्युपत्र केलेलं नसेल तर त्याच्या मिळकतीत विधवा, मुलगा, मुलगी आणि नवऱ्याची आई हयात असेल तर ती, हे सगळे पहिल्या वर्गातले वारस आहेत. मुस्लिम मैत्रिणींसाठी, मुलंबाळं असतील तर विधवेचा आठवा हिस्सा ठरलेला आहे. आणि नवरा हयात असेल तर २००३ सालच्या सरकारी परिपत्रकापासून घराच्या उताऱ्यावर नवरा-बायको दोघांचं नाव लावता येतं. तो अर्ज तर आजच करा.

घर मुलाला बक्षीसपत्रानं देणं आपल्या राज्यात फार स्वस्त आहे. राहतं घर मुलगा, मुलगी, नातवंडं यांना देताना मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये, वर स्थानिक अधिभार लागेल तो. स्वस्त आहे म्हणूनच सांभाळा. बक्षीसपत्र झालं की घर त्या दिवशी गेलं. मृत्युपत्र केलं तर घर आपल्या हयातीत आपलंच राहतं, आणि मन बदललं तर ते बदलता येतं. त्याला दोन साक्षीदार लागतात. आमच्या गटाचं मत स्पष्ट आहे, म्हातारपणी बक्षीसपत्रापेक्षा मृत्युपत्र बरं.

तरीही बक्षीसपत्र करायचंच असेल तर ऑस्ट्रेलियातली गोष्ट आता ऐका. तिथं आईनं घर किंवा पैसा मुलाला दिला तर त्याच्या बदल्यात त्या घरात मरेपर्यंत राहण्याचा हक्क तिला मिळतो, आणि सरकारचं पेन्शन खातंही तो व्यवहार वेगळा ओळखतं. आपल्याकडं त्याला जवळचं कलम आहे. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा २००७ चा कायदा, कलम २३. सांभाळ करण्याच्या अटीवर मिळकत दिली आणि सांभाळ झाला नाही, तर ते देणं रद्द करता येतं. पण सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२२ च्या निकालात म्हटलं की तशी अट घातली होती हे दाखवावं लागेल. पुढं जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयानं एका आईनं दिलेलं बक्षीसपत्र रद्द ठरवताना हा कायदा ज्येष्ठांच्या बाजूनं उदारपणे वाचावा असं सांगितलं. आपण कोर्टाच्या उदारपणावर का राहायचं? दस्तातच लिहून घ्या, की अंगणातल्या अमुक खोलीत, संडास-पाण्यासह, मी हयातभर राहीन, आणि माझं जेवण व दवाखाना मुलानं बघायचा. दस्त लिहिणारा म्हणेल याची काही गरज नाही. त्याला म्हणा, लिहा.

या कायद्याखाली तक्रार उपविभागीय अधिकाऱ्याकडं, आपण ज्यांना प्रांत म्हणतो त्यांच्याकडं, करता येते. दरमहा १० हजार रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मिळू शकतो. विचारपूस करायला १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा फुकट फोन आहे. मात्र एक गोष्ट सुनांसाठी. हा कायदा सुनेला घराबाहेर काढायला वापरायचा नाही. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे की कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं सुनेला मिळालेला राहण्याचा हक्क नुसता या कायद्याच्या जोरावर डावलता येत नाही. आज जी सून आहे तीच उद्या त्या खोलीत जाणार आहे.

लेकीच्या दारात आईनं राहू नये, तिच्या घरचं पाणीही पिऊ नये, असं आपल्यात म्हणायचे. आता कित्येक आया शहरात लेकीकडंच आहेत, सातारा-देवळाईला नाहीतर हर्सूलला, गुंठेवारीच्या प्लॉटवर. या कायद्यात मुलगीही सांभाळ करणारी धरलेली आहे. तिथं खोली वाढवायची तर आधी प्लॉट नियमित झाला आहे का ते बघा. २००१ चा गुंठेवारी कायदा २०२१ मध्ये बदलून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं नियमित करायची सोय झाली. नंतर वाढवलेली खोली त्यात बसेलच असं नाही. गावात बांधायचं तर ग्रामपंचायतीची लेखी परवानगी घ्या. शेजाऱ्याच्या भिंतीवर आपल्या पन्हाळीचं पाणी पडणार असेल तर त्याच्याशीही आधी बोला. परवानगीपेक्षा शेजारीच जास्त वर्षं पुरतो.

पैशाचं थोडक्यात. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला आपल्या भागात केंद्राच्या योजनेतून १ लाख २० हजार मिळतात आणि घर किमान २५ चौरस मीटरचं लागतं. ते बेघरांसाठी आणि कच्च्या घरांसाठी आहे, पक्क्या घरातल्या जादा खोलीला नाही. म्हणून खोलीचा खर्च दोन टप्प्यांत करा. पहिल्या वर्षी पाया, भिंती, पत्रा आणि संडास. फरशी, रंग, ओटा दुसऱ्या वर्षी. संडास मागं ठेवून रंग आधी काढू नका. गटाचं कर्ज घेतलं तर हप्ता कोण भरणार त्याचं नाव गटाच्या वहीत लिहा. आजीला ६५ वर्षं पूर्ण असतील आणि ती पात्र असेल तर श्रावणबाळ योजनेचे दरमहा १५०० रुपये येतात. ते तिच्या औषधाचे आहेत, सिमेंटचे नाहीत.

पुढच्या गट बैठकीला प्रत्येकीनं घराचा नमुना ८ आणि मिळकत पत्रिका असेल तर तिची झेरॉक्स आणावी. आम्ही एकेक कागद मोठ्यानं वाचून दाखवू. येताना घरातल्या म्हातारीलाही घेऊन या. टेप आमच्याकडं आहे.